बंकरमध्ये माणसं किती?

संकट आलं तर काय करायचं, हे बोईसरच्या माणसाला विचारू नये. त्याला जरा जास्तच शिकवून ठेवलेलं आहे. भूकंपाचा धक्का ओसरला की ताबडतोब घराबाहेर, मोकळ्या जागेत. तारापूरच्या अणुशक्ती केंद्रात काही झालं की ताबडतोब घरात, दारं-खिडक्या बंद. औद्योगिक वसाहतीत वायुगळती झाली तर घरात की बाहेर हे वारा बघून ठरवायचं, आणि पळायची वेळ आलीच तर वाऱ्याला आडवं पळायचं. चक्रीवादळ येणार असेल तर किनारा सोडायचा. चारही सूचना शास्त्रशुद्ध आहेत. पण रात्री दोन वाजता खाट हलली आणि त्याच वेळी लांब कुठेतरी भोंगाही वाजला, तर या चार सूचनांची गोळाबेरीज करून माणूस जिथे पोचतो त्या जागेला उंबरठा म्हणतात. तिथे तो एक पाय आत, एक पाय बाहेर असा उभा राहतो आणि समोरच्या उंबरठ्यावर तशाच उभ्या असलेल्या शेजाऱ्याला विचारतो, "काय झालं हो?"

भोंग्याचीही एक पंचाईत आहे. इतर गावांत भोंगा वाजला तर लोक दचकतात. आमच्याकडे भोंगा म्हणजे कुठल्यातरी कंपनीची पाळी सुटली. त्यामुळे धोक्याचा इशारा ऐकून जीव मुठीत धरण्याऐवजी लोक आधी मनगटावरचं घड्याळ बघतात, आणि वेळ जुळली नाही की, "आज लवकर सोडलं वाटतं," म्हणतात.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर नोव्हेंबर २०१८ आठवा. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन हलायला लागली ती महिनोन् महिने हलतच राहिली. धुंदलवाडीकडची माणसं ऐन थंडीत पोराबाळांना घेऊन तंबूत झोपली, कारण डोक्यावर छप्पर असणं हाच धोका. आणि त्याच जिल्ह्यात, तिथून दक्षिणेला ३०-४० किलोमीटरवर, अणुसंकटाच्या सरावात लोकांना सांगितलं जातं की डोक्यावर छप्पर असणं हाच बचाव. जिल्हा एक, जिल्हाधिकारी एक.

तरीही आम्ही सगळे सुखात होतो. मग ७ मे २०२५ उजाडला. नागरी संरक्षणाचा देशभर सराव झाला, 'ऑपरेशन अभ्यास' नावाचा, आणि त्यासाठी केंद्र सरकारने ठिकाणांची प्रतवारी केली. सगळ्यांत महत्त्वाच्या पहिल्या वर्गात महाराष्ट्रातली तीन नावं: मुंबई, उरण आणि तारापूर. ठाणे, नाशिक, पुणे दुसऱ्या वर्गात. पुण्याला कुणी दुसरा वर्ग दिला आणि पुण्याने तो निमूट घेतला, असं इतिहासात प्रथमच घडलं असावं. इकडे मात्र चैतन्य पसरलं. ज्यांनी उभी हयात दुसऱ्या वर्गाच्या पासावर चर्चगेट गाठलं, त्यांना सरकारने आपण होऊन पहिल्या वर्गात बसवलं होतं.

आमच्या काकांना हा मान पेलवला नाही. काका औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कंपनीत तीन पाळ्यांत राबून निवृत्त झालेले. घर बोईसर-चिंचणी रस्त्यावर, मागे छोटीशी वाडी. निवृत्तीनंतर माणसाला देव, राजकारण किंवा मधुमेह यांपैकी काहीतरी एक लागतं. काकांना मोबाइलवरचे व्हिडिओ लागले. ७ तारखेला रात्री जेवताना त्यांनी आमटीची वाटी बाजूला सारली आणि जाहीर केलं, "मी बंकर बांधणार."

"आधी गच्चीची गळती काढा," काकू म्हणाली.

मी जरा शिकलेला समजला जातो, म्हणून काकांना समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना सांगितलं की अणुभट्टी म्हणजे अणुबॉम्ब नव्हे. बॉम्बला लागणारं युरेनियम ९० टक्क्यांच्या आसपास समृद्ध केलेलं असतं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांचं इंधन दोन-अडीच टक्क्यांच्या घरातलं, आणि तिसरी-चौथी तर निसर्गात मिळतं तसलंच युरेनियम वापरतात, त्यात कामाचा भाग ०.७ टक्के. एवढ्याचा बॉम्ब होत नाही.

"मग फुकुशिमाला काय दिवाळी होती?"

तिथे भूकंपाने बाहेरची वीज घालवली, त्सुनामीने जनित्रं, इंधन थंड ठेवता आलं नाही, हायड्रोजन साठला आणि त्याचा स्फोट झाला. अणुस्फोट नव्हे, असं मी सांगितलं. शिक्षकाने नको तिथे जास्तीची माहिती देऊ नये. ओघात मी बोलून गेलो की फुकुशिमाचा पहिला संच १९७१ सालचा, आपले पहिले दोन ऑक्टोबर १९६९ पासूनचे, आणि दोन्हीकडे तंत्रज्ञान अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं.

"म्हणजे आपला थोरला!" काका उजळले. त्या दिवसापासून ते फुकुशिमाचा उल्लेख चुलतभाऊ गेल्यासारख्या आवाजात करतात.

त्यांचा अभिमान अगदीच अनाठायी नाही म्हणा. देशातली पहिली अणुवीज या किनाऱ्यावर झाली. १९७४ साली पोखरणचा स्फोट झाला, अमेरिकेने पुढे इंधनाला हात आखडता घेतला, मग फ्रान्स झाला, चीन झाला, रशिया झाला. पन्नास-पंचावन्न वर्षं चूल तीच, सरपण दर खेपेला वेगळ्या दारातून आणलेलं. अशा घरांत वाढलेल्या काकूला यात काहीच विशेष वाटलं नाही.

मग काकांनी नकाशा काढला. अणुशक्ती केंद्राभोवती कागदोपत्री वर्तुळं असतात. पहिलं १.६ किलोमीटरचं, त्यात वस्तीच नाही. दुसरं ५ किलोमीटरचं, त्यात आहे ती वस्ती राहू द्यायची, पण नवे उद्योग आणून गर्दी वाढवायची नाही. तिसरं १६ किलोमीटरचं, आणीबाणीच्या नियोजनाचं. यात कुणाला कधी कुठे हलवायचं, हे जिल्हा प्रशासनाने आधी लिहून ठेवायचं आणि अधूनमधून सराव करायचा. आमचं घर तिसऱ्या वर्तुळाच्या पोटात, आणि काकूचे भाऊ, म्हणजे आमचे पालघरचे मामा, वर्तुळाच्या बाहेर. हे कळल्यापासून मामांच्या बोलण्यात एक प्रकारची करुणा आली आहे. फोन ठेवताना पूर्वी ते "बरंय" म्हणायचे. आता "जपा" म्हणतात.

काका त्यांना ऐकवतात की किरणोत्सर्गी धूळ कंपासाने आखलेली रेघ बघून थांबत नाही, ती वाऱ्याबरोबर जाते. हे खरं आहे. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे झळ वाणगाव-डहाणूच्या अंगाला. हिवाळ्यात तो बराच वेळ जमिनीवरून समुद्राकडे. पालघर पडलं आग्नेयेला. "तुमच्याकडे यायला वारा मुद्दाम वाट वाकडी करणार नाही, पण केली तर सांगता येत नाही," हे काकांचं मामांना दिलेलं आश्वासन.

वर्तुळांवरून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती हसण्यासारखी नाही. या भागात अणूपायी खरोखर घर सोडलेली कुटुंबं आहेत. अक्करपट्टी आणि पोफरण. ती कुठल्या गळतीमुळे उठली नाहीत. तिसरा आणि चौथा संच, ५४० मेगावॉटचा एकेक, उभा राहायचा होता म्हणून उठली. चौथा संच २००५ साली सुरू झाला, तिसरा २००६ साली. (हो, चौथा आधी. सरकारी आकडेवारीत भाऊ पाठीवरच्या क्रमाने येतातच असं नाही.) नव्या वसाहतीत समुद्र दिसत नाही, होडी लावायला जागा नाही, आणि पुनर्वसनाची भांडणं न्यायालयापर्यंत गेली. तळघरात चौदा दिवस कसे काढायचे याची चिंता करणाऱ्या काकांना मी एकदा म्हटलं की तुमच्यापासून पाच-सात किलोमीटरवरची माणसं वीस वर्षं काढून राहिलीत. काका थोडा वेळ गप्प बसले. त्यांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

आता चौदा दिवसांविषयी. केंद्रातून गळती झाली तर बंकरचा फारसा उपयोग नाही. सुरुवातीचे काही तास, फार तर एक-दोन दिवस घरात बसवतील, आणि पुढे गरज पडली तर बसमध्ये घालून लांब नेतील. कारण अशा गळतीतलं आयोडीन आठ-आठ दिवसांनी निम्मं होत जातं, पण सीझियम निम्मं व्हायला ३० वर्षं घेतं, आणि तेवढा काळ काकूबरोबर तळघरात राहण्याची काकांची तयारी नव्हती. पण बस म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "सोळा किलोमीटरची माणसं एकदम बसमध्ये? खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यातच निम्मी बाधित होतील."

म्हणून त्यांनी संकटच बदललं. गळती नको, बॉम्बच धरू. बॉम्बच्या राखेला एक ढोबळ नियम आहे: वेळ सातपट झाली की किरणोत्सर्ग दहा पटीने उतरतो. स्फोटानंतर एका तासाला जेवढा असेल त्याचा सात तासांनी दहावा भाग, ४९ तासांनी शंभरावा, आणि साधारण दोन आठवड्यांनी हजारावा. त्या हिशेबाने १९८० साली ब्रिटिश सरकारने नागरिकांसाठी पुस्तिका काढली. तिच्यात १४ दिवस आतल्या खोलीत राहा म्हटलं होतं, आणि घरातली दारं बिजागऱ्यांवरून काढून भिंतीला तिरकी लावा, त्यांवर मातीच्या पिशव्या रचा, त्या आडोशाला बसा, असंही. हे ऐकून काकूने पहिल्यांदाच या विषयात रस घेतला. "दारं काढायची? न्हाणीघराचंसुद्धा?"

अमेरिकेत १९५९ साली मायामीतल्या एका नवपरिणीत जोडप्याने जाहिरातीसाठी जमिनीखालच्या आसऱ्यात १४ दिवस काढले. मधुचंद्र म्हणून! वर आल्यावर त्यांना खऱ्या मधुचंद्राची सहल बक्षीस मिळाली. काका हा दाखला वारंवार देतात. त्यात सासू नव्हती, हे काकू दर वेळी लक्षात आणून देते, आणि आजी ते ऐकून न ऐकल्यासारखं करते.

जून लागायच्या आत काम उरकायचं म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात काकांनी जेसीबी बोलावला. बंकरचा पहिला नियम गुप्तता. आत किती दिवसांचं अन्न आहे हे शेजाऱ्याला कळता कामा नये, असं व्हिडिओतला अमेरिकन माणूस सांगतो. त्या माणसाच्या गावात जेसीबी बघायला कोणी जमत नसावं. आमच्याकडे पहिलं पातं मातीत रुतायच्या आत कुंपणाला माणसं लागली. पाठीवर दप्तर घेतलेली शिकवणीची पोरं, हातात कोयती घेतलेला माळी, जवळ्याची टोपली डोक्यावरून न उतरवता उभी राहिलेली मावशी.

"काय काढताय, काका?"

"काही नाही. असंच."

"संडासाची टाकी काय?"

"हो, टाकी."

"एवढी मोठी? किती जण आहात घरात?"

हा प्रश्न पुढे काकांना फार छळणार होता, पण तेव्हा ते कळलं नाही. चार फुटांवर ओली वाळू लागली. सहा फुटांवर पाणी. काकांनी पंप लावला. पंपाने जेवढं उपसलं तेवढं, आणि वर थोडं व्याज धरून, खालून परत आलं. जेसीबीवाला पोरगा तळाशी पाहत म्हणाला, "काका, समुद्राच्या एवढ्या जवळ खाली जायचं म्हणजे पाण्यातच जायचं. आणि पाणी नसेल तिथे काळा फत्तर. त्याला सुरुंग लावायला लागेल." अणुस्फोटापासून वाचण्यासाठी आधी स्वतःच स्फोट करायचा, हे काकांना पटलं नाही. आजी काठी टेकत खड्ड्यापाशी आली, पाणी बघून तिने हात जोडले आणि आत जाऊन हळद-कुंकू घेऊन आली. "विहिरीचं पाणी आटतं मे महिन्यात. देवानं बुद्धी दिली रे तुला." तिने नारळ फोडला. कुंपणापाशी जमलेल्यांना खोबरं वाटलं. गुप्तता संपली.

तेव्हा जमिनीखालचा बेत रद्द होऊन घरातली मागची खोली ठरली. एरवी तिथे भाताची कणगी, लग्नातली पातेली आणि एक न चालणारा कुलर असतो. तीन बाजूंनी भिंती, खिडकी एकच. शास्त्रदृष्ट्या वाईट नाही. विटा-मातीचा जितका जाड थर मध्ये, तितकं बरं. काकांनी कागद घेतला आणि जागेचा हिशेब मांडला. स्वित्झर्लंडमध्ये १९६०च्या दशकापासून कायद्यानेच प्रत्येक रहिवाशासाठी आसऱ्यात जागा राखलेली असते, आणि त्यांचा नियम माणशी एक चौरस मीटर. खोली बारा चौरस मीटर, म्हणून माणसं बारा.

"विरार लोकलमध्ये एका चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं मावतात," मी म्हटलं.

हा आकडा रेल्वेच्या अभ्यासात येतो, विनोद म्हणून नव्हे. स्विस माणसाने जी जागा एका जिवाला पुरेल असं मोजलं, तिच्यात आमच्याकडे आख्खी भजनी मंडळी टाळांसकट उभी राहते. एप्रिल २०१३ मध्ये लोकल विरारपुढे डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून पालघर-बोईसरच्या दोन पिढ्या एका पायावर उभं राहून, दुसऱ्याच्या खांद्याआडून श्वास घेत, पेंगत प्रवास करायला शिकल्या आहेत. जगात बंकरसाठी आधीच तयार झालेली माणसं कुठे असतील तर ती सकाळच्या डहाणू-चर्चगेटमध्ये. काका खुलले. लोकलच्या दराने खोलीत पावणेदोनशे माणसं बसत होती. त्यांनी तोंडावर संयम आणून तीस धरली.

आणि तिथून घसरण सुरू झाली.

"तीस ना? मग चिंचणीची आत्या धर," आजी म्हणाली. "तिला वगळलंस तर जन्मभर ऐकवील."

"आई, तेव्हा ऐकवायला कोण उरलंय?"

"ती उरेल."

आत्या आली म्हणजे आत्याची सून आली. त्यांचं पटत नाही, म्हणजे दोघींना दोन भिंती. भाडेकरू गुजराती, कांदा-लसूण खात नाहीत, त्यांना खिडकीजवळ. धुणंभांडी करणारी बाई गंजाडकडून येते. तिला नाही म्हटलं तर चौदा दिवस भांडी कोण घासणार, असं काकू बोलून गेली; मग जीभ चावली; मग म्हणाली की तिला आणि तिच्या दोन्ही पोरांना घ्यायचं आणि भांडी तुम्ही घासायची. काकांनी तेही लिहून घेतलं. पालघरचे मामा वर्तुळाच्या बाहेर, त्यांना यायची गरजच नाही, असं काका म्हणाले तेव्हा काकूने असं पाहिलं, की त्यापेक्षा बाहेरची राख परवडली. मामा, मामी आणि दोन मुली लिहिल्या गेल्या.

माझं स्वतःचं मत या यादीनंतर पक्कं झालं. सोळा किलोमीटरच्या वर्तुळातला माणूस अणूला भीत नाही. त्याचं आयुष्य अणूच्या, रसायनांच्या आणि भूकंपाच्या शेजारात चाललेलं आहे, आणि कुणाच्याच घरी तो चहाला जात नाही. त्याला धास्ती आहे ती सगळे नातेवाईक एका खोलीत चौदा दिवस असण्याची. २०२० साली टाळेबंदीत नुसती सख्खी माणसं कोंडली गेली होती, तर आमच्या गल्लीत दोन घरांत भिंत उभी राहिली.

अन्नाचं काकांना वाटत होतं तेवढं अवघड निघालं नाही. त्यांनी परदेशी डबाबंद पदार्थांची यादी आणली होती. आजीने ती वाचून घेतली, आणि उठून कोठीची कडी काढली. आत अगोटीची बेगमी होती. पावसाळ्यात होड्या बंद, बाजार महाग, म्हणून किनाऱ्यावरची बाई वैशाखातच चार महिन्यांचं भरून ठेवते. वाडा कोलमच्या गोणी. चिंचेचे गोळे, मिरच्यांचा मसाला, पापड-कुरडयांचे डबे. आणि मोठ्या पत्र्याच्या डब्यांत, वर्तमानपत्राच्या घड्यांत, सुके बोंबील, सुकट, जवळा, खारा बांगडा. "चौदा दिवस ना? ही माझी भाद्रपदापर्यंतची आहे," आजी म्हणाली.

प्रश्न आला तो हवेचा. बंद खोलीत बाहेरची हवा गाळून घ्यायची म्हणून काकांनी एक चाळणयंत्र बघून ठेवलं होतं. अगदी बारीक कण अडवतं म्हणे. पण ते बाहेरून आत येणारं अडवतं. तव्यावर बोंबील पडल्यावर आतल्या आत काय करायचं, याचं उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकात नव्हतं. भाडेकरूंनी अतिशय नम्रपणे विचारलं की आम्ही बाहेरच थांबलो तर चालेल का.

बोंबलांवरून गाडी वारांवर गेली. चौदा दिवसांत दोन सोमवार, दोन गुरुवार, एक एकादशी जवळजवळ नक्की, आणि संकष्टी येण्याची शक्यता निम्म्यावर. श्रावण असला तर प्रश्नच मिटला. काकांनी खाण्याचं वेळापत्रक भिंतीवर लावलं, ते बघून आजीने विचारलं, "संकष्टीला चंद्र कसा बघायचा?"

सगळे थांबले. किरणोत्सर्ग, राख, सीझियम यांवर काकांनी उत्तरं तयार ठेवली होती. चंद्रावर नव्हतं.

"पंचांगात वेळ असते, आई. त्या वेळेला जेवायचं."

"आणि अर्घ्य? भिंतीला देऊ?"

शेवटी असं ठरलं की चंद्रोदयाला काकांनी ओल्या चादरीत गुंडाळून अंगणात जायचं, चंद्र बघायचा, आत येऊन सांगायचं. ढग असले तर? तर ढग जाईपर्यंत उभं राहायचं. ४९ तासांच्या आत संकष्टी पडू नये, एवढीच प्रार्थना उरली. माणशी रोज चार लिटर पाण्याचा हिशेबही याच बैठकीत बुडाला, कारण तेवढं आजीला सकाळच्या चुळांना लागतं.

आयोडीनच्या गोळ्यांचं मात्र काका बरोबर बोलले. त्या गोळ्या फक्त गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला वाचवतात, आधीच चांगल्या आयोडीनने भरून टाकतात म्हणजे वाईटाला जागा उरत नाही. बाकी शरीराला त्यांचा काही उपयोग नाही, आणि त्या सांगितल्याशिवाय घ्यायच्या नसतात. लहान मुलं आणि गरोदर बायका आधी. चाळिशीच्या पुढे फायदा फारसा नाही. हे शेवटचं वाक्य वाचून खोलीत जी शांतता पसरली ती आजीने मोडली: "म्हणजे आमचं झालं." काकूने विचारलं की मग मीठ खाल्लं तर? २०११ साली फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी याच समजुतीने मिठाची दुकानं रिकामी केली होती. उपयोग शून्य; तेवढं आयोडीन मिठातून मिळवायचं तर मीठच आधी मारील. आणि आमच्या आगरातलं खडं मीठ, ज्याच्यावर आजीचं प्रेम, त्यात वरून घातलेलं आयोडीन नसतंच. काकूने रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा काकांसमोर ठेवला आणि मीठ हा विषय बंद केला.

एका रविवारी दुपारी काकांनी रंगीत तालीम ठेवली. खरी चौदा दिवसांची, तालीम दोन तासांची. नियम एकच: दार उघडायचं नाही, कोणीही येवो. मोबाइल बंद. खिडकीला चिकटपट्टी. आम्ही अठरा जण आत गेलो, आत्या आणि तिची सून दोन टोकांना. काकांनी कडी लावली. पहिली पंधरा मिनिटं फार छान गेली. कुलरवर बसून आत्याने १९७१ च्या युद्धातली हकिगत सांगितली: ती तेव्हा मुंबईत, चाळीत, खिडक्यांना काळे कागद लावलेले, भोंगा वाजला की दिवे बंद, आणि त्या अंधारात कुणीतरी कुणाच्या तरी डब्यातले बेसनाचे लाडू खाल्ले, त्याचा छडा अजून लागलेला नाही. सुनेने विचारलं, तुम्हीच ना? तेवढ्यात फाटक वाजलं.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. कोणी श्वास घेईना.

"अगं ए," मामींचा आवाज. "आहात ना घरी?"

शांतता.

"दिसतायत आत. अठरा जोड चपला आहेत बाहेर."

बंकरच्या अमेरिकन व्हिडिओत चपलांबद्दल काहीच नव्हतं. ते लोक बूट घालून आत जातात.

"अहो," काकू कुजबुजली, "उन्हातनं आलेत ते पालघरहून."

"संकट चालू आहे," काका म्हणाले.

"संकट राहू दे. भावजय दारात उभी आहे." काकूने कडी काढली. मामा, मामी, त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा आणि चिकूची पाटी. मामी आत आल्या, अठरा घामेजलेले चेहरे बघून जागच्या जागी थबकल्या, आणि काहीतरी सुतकाचं असावं अशा समजुतीने पुडा पाठीमागे लपवू लागल्या. मग उलगडा झाला. मोठीचं ठरलं होतं. मुलगा वाणगावचा, घरची चिकूची वाडी, माणसं चांगली.

"वाणगाव?" काका एकदम सावध झाले. "म्हणजे पावसाळ्यात वाऱ्याच्या तोंडावर."

मामांना काही कळलं नाही. काकू चहा टाकायला उठली, कोणीतरी खिडकीची चिकटपट्टी ओढून काढली, पेढा फिरला, आत्याने दोन घेतले. काकांनी भिंतीवरची यादी उतरवून मांडीवर घेतली, पेन्सिलीला थुंकी लावली आणि मामांना विचारलं, "मुलाकडची माणसं किती?"